बत्तीस सेकंद

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या गेटवर नवा इंटरकॉम आला. काळा, चकचकीत, कॅमेरावाला. जुना फोन वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगलेला असायचा आणि त्याची वायर इतकी पिळवटलेली होती की बोलताना मान वाकडी करावी लागे. त्यामुळे सगळेच खूश होते. आठवडाभरानं वॉचमनकाका जिन्यापाशी भेटले. "ताई, तुमचं कॉम्प्युटरचंच काम ना? हा फोन बोलता बोलता तुटतो बघा." मी म्हटलं, कंपनीवाल्याला सांगा. "सांगितलं की. तो म्हणतो, तुम्ही बटण नीट दाबत नाही." मी हसले आणि वर आले. त्याच संध्याकाळी पार्सल आलं. पोरगा खाली उभा, त्याला ओटीपी हवा, आणि माझा मोबाइल नेहमीप्रमाणे कुठल्यातरी उशीखाली. तो सापडेपर्यंत इंटरकॉम तुटला. परत वाजला, परत तुटला. तिसऱ्या खेपेला मी ओटीपीचा नाद सोडला आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत उभी राहिले. पलीकडून काका "हॅलो ताई, आवाज येतोय का?" म्हणत होते आणि मी उत्तर न देता मोजत होते. तीस, एकतीस, बत्तीस. खट.

बटणाचा काही संबंध नव्हता.

हा आकडा मी वीस-बावीस वर्षं ओळखते. रस्त्यात जुन्या ऑफिसातला माणूस दिसावा, नाव आठवू नये पण चालण्यावरून ओळख पटावी, तसं झालं. फोन पंचवीस सेकंदांनी तुटला असता, चाळिसांनी तुटला असता, तर मी खरंच म्हटलं असतं की बघा बाबा, वायर सैल असेल. पण बरोब्बर ३२ म्हणजे वायर नव्हे, बटण नव्हे, काकांचं बोटही नव्हे. कुणीतरी कुणाच्यातरी "कळलं" या एका शब्दाची वाट बघून थकतं, त्याचा हा वेळ आहे. माझ्या नोकरीची पहिली दहा वर्षं या असल्या शब्दांच्या मागे गेली. एका कंपनीचा फोन आणि दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर समोरासमोर बसवायचे आणि ते एकमेकांशी बोलतात का ते बघायचं. दोघांच्या इंजिनिअरांनी एकमेकांची तोंडंही पाहिलेली नसत. दोघांनी एकच पुस्तक वाचून, आपापल्या घरी, आपापला स्वयंपाक केलेला. आमच्या भाषेत त्याला इंटरॉप म्हणत. घरी आईला मी सांगायचे, दोन फोनांची पत्रिका जुळवते.

ते पुस्तक म्हणजे आरएफसी ३२६१, जून २००२. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ज्यांत छापतात ते क्रमांक घातलेले दस्तऐवज. इंटरनेटवरून फोन कसा लावायचा, वाजवायचा, उचलायचा आणि ठेवायचा, याची पावणेतीनशे पानांच्या आसपासची पोथी. नाव सिप. आवाज कसा न्यायचा याबद्दल त्यात जवळजवळ काही नाही. तो दुसऱ्या वाटेनं जातो. सिपचं काम फक्त आधीच्या आणि नंतरच्या गोष्टींचं. एकानं 'इन्व्हाइट' पाठवायचं, दुसऱ्यानं 'रिंगिंग' म्हणायचं, उचलला की '२०० ओके', त्यावर पहिल्यानं 'अ‍ॅक' म्हणजे कळलं. शेवटी 'बाय', आणि त्यालाही 'ओके'. मला हे पहिल्यांदा वाचताना नवीन असं काही वाटलंच नाही. आमच्याकडे फोन संपवायचा म्हणजे हेच. "बरं मग…" "हं." "ठेवू?" "ठेव." "ठेवते हं." "हो हो, ठेव." यातला एक जरी "ठेव" गळला तर आई दोन मिनिटांनी परत फोन करते, "काय गं, रागावलीस का?" मिरजेला आमच्या गल्लीत सुरुवातीला एकच फोन होता, डॉक्टरांकडे. मी कॉलेजसाठी पुण्याला आले तेव्हा ठरलेलं असं: पोचल्यावर एसटीडी बूथवरून नंबर लावायचा, दोन रिंगा वाजू द्यायच्या आणि ठेवायचा. डॉक्टरांच्या काकू उचलायच्या नाहीत. दोन रिंगा म्हणजे पोचले, तीन म्हणजे फोन लावा, काम आहे. पैसा एक पडायचा नाही. संभाषण कधी झालंच नाही आणि निरोप मात्र रोज पोचला. सिग्नलिंग म्हणजे काय हे नंतर मला मोठ्या पगाराच्या माणसांनी प्रोजेक्टर लावून समजावलं, पण काकूंनी हात आवरून रिंगा मोजल्या त्याच्या पलीकडचं त्यात फारसं काही नव्हतं.

त्या नोकरीतच एकदा मला फ्रान्सला जायला मिळालं. नीसजवळ सोफिया अँटिपोलिस म्हणून एक जागा आहे, पाइनच्या झाडीत लपवलेली टेक्नॉलॉजी पार्क. युरोपची दूरसंचार-मानकं ठरवणारी एट्सी ही संस्था तिथे आहे. तिथल्या एका दिवाणखान्यासारख्या हॉलमध्ये आम्ही आठवडाभर बसलो. लांबच लांब टेबलं, जमिनीवर सेलोटेपनं चिकटवलेल्या निळ्या-पिवळ्या केबली, प्रत्येक टेबलावर कागदाची घडी घालून केलेली नावाची पाटी. यंत्रांच्या पंख्यांचा अखंड घरघराट, आणि जळक्या कॉफीचा वास. एरवी ज्या कंपन्या बाजारात एकमेकींच्या जिवावर उठलेल्या असतात त्यांची पोरं इथे शेजारी शेजारी बसून एकमेकांच्या चुका शोधत होती. असल्या मेळ्यांचे नियम साधे असतात आणि मला ते अजून फार आवडतात. चालणारा कोड घेऊन या, नुसती माहितीपत्रकं नकोत. विक्रीखात्याच्या माणसाला प्रवेश नाही. आणि कोण कुणाशी जुळलं नाही, कोण कुणामुळे कोसळलं, ते बाहेर बोलायचं नाही. म्हणून मीही आज कुणाचं नाव घेत नाही.

ही रीत जुनी. सिपचा पहिला मेळा एप्रिल १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भरला, तेव्हा सिपची पहिली, म्हणजे ३२६१ च्या आधीची, पोथी छापून जेमतेम महिना झाला होता. त्याला 'बेक-ऑफ' म्हणत, म्हणजे पाककलेची स्पर्धा. पण तो शब्द पिल्सबरी या अमेरिकी पीठकंपनीचा ट्रेडमार्क, म्हणून पुढे नाव 'सिपिट' झालं. त्याही आधी खुद्द इंटरनेटच्या पायाची, टीसीपी आणि आयपीची, अशीच बेक-ऑफ होत असे. इंटरनेट घडवणाऱ्यांपैकी एक, जॉन पोस्टेल या दाढीवाल्या गृहस्थांनी सप्टेंबर १९८७ मध्ये तिचे गुण कसे द्यायचे ते लिहून ठेवलं आहे. आरएफसी १०२५, चारसहा पानांचं चिटोरं, पण मुष्टियुद्धासारखे वजनी गट पाडलेले. स्वतःशी बोलता आलं तर १ गुण. दुसऱ्याशी बोलता आलं तर २. प्रतिस्पर्ध्याला नियमात राहून लोळवलं तर ३०, आणि खोडसाळपणा करून लोळवलं तर २०. फ्रान्सला जाताना विमानात मी हे वाचत होते आणि मोठ्यानं हसले तेव्हा शेजारच्या बाईंनी हेडफोन काढून माझ्याकडे बघितलं. स्वतःशी बोलल्याचा १ गुण! आमच्या कित्येक डेमोंना त्याच्यावर अर्धा गुणही मिळाला नसता, आणि त्यांच्या जोरावर आम्ही ऑर्डरी मात्र घेत होतो.

तिसऱ्या दिवशी माझी जोडी लागली उत्तरेकडच्या कुठल्याशा देशातल्या एका उंच, अबोल मुलाशी. त्याचा फोन, आमचा सर्व्हर. फोन लागायचा, बोलणं व्हायचं, पण ठेवताना 'बाय' आमच्यापर्यंत यायचाच नाही. आमच्या दृष्टीनं ते दोघं अजून बोलतच आहेत, बिल चालूच आहे. सकाळ त्यात गेली. दुपारी जेवताना तो मुलगा पास्त्यावर काट्यानं रेघा ओढत म्हणाला, तुमच्या त्या एका ओळीत दोन अक्षरं आहेत ना, त्यांना किंमतच नाही. ती अक्षरं म्हणजे 'एलआर'. वाटेतल्या ज्या सर्व्हरला पुढचे निरोपही आपल्यामार्फत जावेत असं वाटतं तो आपला पत्ता एका ओळीत नोंदवतो आणि पुढे ही दोन अक्षरं लावतो. अर्थ असा की मी नव्या रीतीचा आहे, माझ्याशी नव्या रीतीनं वागा. पुस्तकाप्रमाणे तेवढंच. बरोबरचं चिन्ह नाही, किंमत नाही. पण त्याच्या कोडला नाव-बरोबर-किंमत अशीच जोडी कळायची. एकटं नाव दिसलं की तो ते केराच्या टोपलीत टाकायचा. मग आम्ही त्याला जुन्या रीतीचे वाटायचो, आणि निरोप भलतीकडे.

चूक त्याची होती. उघड, पुस्तकात बोट ठेवून दाखवता येईल अशी. पण त्याच्याकडे ते बदलायला चार दिवस लागणार होते, फोनच्या चिपमध्ये कोड भरायचा म्हणजे सोपं नव्हतं. माझ्याकडे रात्र होती. हॉटेलच्या खोलीत अंथरुणावर मांडी घालून बसले, घरून नेलेल्या मेथीच्या खाकऱ्याचा चुरा कीबोर्डवर पडत होता, बाहेर पाइनवर पाऊस. 'एलआर'च्या पुढे '=ऑन' एवढं जोडलं. ऑन नाही, काहीही लिहिलं असतं तरी चाललं असतं. वर शेरा टाकला: 'तात्पुरतं'. सकाळी फोन लागला, ठेवला, 'बाय' आला. तो अबोल मुलगा उठून उभा राहिला आणि त्यानं माझ्याशी हस्तांदोलन केलं. त्या क्षणाचा आनंद मी अजून कशाच्याच बदल्यात देणार नाही. नंतर कळलं, ही युक्ती आमचीच नव्हती. बर्लिनमध्ये जन्मलेल्या एसईआर नावाच्या मुक्त सर्व्हरमध्ये तर हेच करायचं चक्क एक बटण होतं. म्हणजे ठिकठिकाणी, वेगवेगळ्या रात्री, वेगवेगळ्या माणसांनी दुसऱ्याची तीच चूक पोटात घातली होती.

चालवून घेतलं, आपण म्हणतो तसं.

पोस्टेल यांचंच एक वचन आमच्या धंद्यात सुभाषितासारखं फिरतं. १९८० सालच्या आरएफसी ७६० मध्ये त्यांनी लिहिलं होतं, त्याचा सारांश असा: पाठवताना काटेकोर राहा, घेताना उदार. मी नव्यानं आलेल्या पोरांना ते शिकवायचे. आमच्या आजीच्या शिकवणीशी ते किती जुळतं म्हणून मला त्याचं कौतुक होतं. ती म्हणायची, बोलावं तोलून आणि ऐकावं पोटात घालून. आता मात्र मला दोघांच्याही बाबतीत शंका येते. आजीनं आयुष्यभर पोटात घातलं, आणि ज्यांचं घातलं ते तसेच राहिले. कोडचंही तेच. मी '=ऑन' जोडलं म्हणून तो फोन बाजारात तसाच गेला; त्याच्यासारखे आणखी दहा गेले; मग एखादा नवा, पुस्तक नीट वाचलेला सर्व्हर आला, त्यानं नुसतं 'एलआर' लिहिलं, आणि लोक म्हणाले, हा नवा सर्व्हर बिघडलेला दिसतो, बाकीच्यांशी तर फोन नीट बोलतो. २०२३ सालच्या आरएफसी ९४१३ मध्ये या उदारपणाचे तोटे सविस्तर मांडले आहेत. मी ते वाचलं तेव्हा नोकरी बदलून बरीच वर्षं झाली होती, तरी कान लाल झाले.

उदारपणाची हद्द कुठे, हे बघायला आमच्याकडे एक छळछावणीच होती. टॉर्चर टेस्ट. मुद्दाम वेडेवाकडे लिहिलेले निरोप, पुढे २००६ मध्ये आरएफसी ४४७५ म्हणून ते छापले गेले, पण त्याआधीही हातोहाती फिरत. पहिल्या निरोपात एक शीर्षक मोठ्या अक्षरांत, एक लहान, कुठे नावानंतर उगाच मोकळी जागा, कुठे ६८ ऐवजी ००६८. दिसायला गचाळ, पण नियमानं अगदी बरोबर. तो नाकारलात तर तुम्ही नापास. पुढे एक येतो त्याच्यात मजकुराची लांबी उणे ९९९. हा स्वीकारलात तर नापास. गचाळ पण खरं आणि नीटनेटकं पण खोटं, यांतला फरक यंत्राला शिकवताना माझ्या असं लक्षात आलं की मलाच तो नीट येत नाही. मी माणसं नेहमी इस्त्रीवरून ओळखली आहेत.

तर गेटचा फोन. रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन केबिनमध्ये जाऊन बसले. काकांनी स्टूल पुसून दिलं, वर पेपर अंथरला. केबिनमध्ये उदबत्ती, ओला रेनकोट आणि तंबाखू यांचा मिळून एक वास असतो. वायरशार्क, म्हणजे वायरीतून जाणारे निरोप पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर, चालू केलं, काकांना म्हटलं, आमच्याच घरी लावा. नवऱ्यानं उचलला, "काय करायचंय मी?" "काही नाही, बोलत राहा." दोघं पावसावर बोलले. उमरग्याला यंदा कसा झाला, इथे कसा. आणि माझ्यासमोर पडद्यावर खाली खाली ओळी येत गेल्या. इन्व्हाइट, रिंगिंग, २०० ओके. अ‍ॅक. परत २०० ओके, अर्ध्या सेकंदानं. परत अ‍ॅक. परत ओके, एक सेकंदानं. मग दोन, मग चार, चार, चार. मीटर रूममधला, सोसायटीचे फोन एकमेकांना जोडणारा एक्सचेंजचा डबा म्हणतोय, "फोन उचलला हं", आणि गेटवरचा फोन दर वेळी इमानेइतबारे उत्तर देतोय, "कळलं". पण ते "कळलं" पोचत नाही. एकूण अकरा वेळा त्यानं सांगितलं, अकरा वेळा यानं उत्तर दिलं. ३२ सेकंद पुरे झाल्यावर डब्यानं ठरवलं की पलीकडे कुणी नाही, आणि फोन ठेवून दिला. उमरग्यातला पाऊस अर्ध्यावर राहिला.

कारण शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. डब्याला दोन पाय आहेत, एक सोसायटीच्या वायरिंगमध्ये, एक बाहेरच्या इंटरनेटच्या लायनीत. '२०० ओके' पाठवताना तो 'इथून पुढे मला इथे भेटा' म्हणून जो पत्ता लिहितो, तो दुसऱ्या पायाचा लिहीत होता. गेटला तो पत्ता दिसतच नाही. आवाजाचा पत्ता वेगळ्या ओळीत असतो आणि तो बरोबर होता, म्हणून बोलणं ऐकू यायचं. मग घराघरांतले जुने फोन इतकी वर्षं चालले कसे? मी आमच्याच घरचा फोन लावून बघितला. तर तो लिहिलेल्या पत्त्याकडे ढुंकून बघत नाही. जिथून निरोप आला तिथेच "कळलं" पाठवतो. कुणीतरी, कुठल्यातरी हॉटेलच्या खोलीत, खाकऱ्याऐवजी आणखी कशाचातरी चुरा सांडत लिहिलेली ती ओळ. वर बहुतेक 'तात्पुरतं' असा शेरा. डबा पहिल्या दिवसापासून खोटा पत्ता सांगतोय, जुने फोन सांभाळून घेतायत, आणि अख्ख्या सोसायटीत पुस्तकाप्रमाणे वागणारा एकच फोन आला त्याला मात्र सगळे बिघडलेला म्हणतायत. त्याच्याबरोबर काकांच्या बोटालाही.

एक्सचेंजवाल्यांचा मुलगा सोमवारी आला. मी त्याला लॅपटॉपवर दाखवलं. तो नम्र होता, हुशारही असावा. म्हणाला, "मॅडम, पण बाकीचे अठ्ठेचाळीस फोन चालतात ना? मग आमची सिस्टिम ओकेच झाली." गेटच्या फोनवाला म्हणाला होता, आमचा फोन स्टँडर्डप्रमाणे आहे. दोघांचंही खरं. सेक्रेटरी म्हणाले, तुम्ही दोघं आपसात बघून घ्या, आम्हाला गेट उघडल्याशी मतलब. मग त्या मुलानं एक सोपी तोड काढली: गेटच्या फोनच्या सेटिंगमध्ये एक खूण असते, ती केली की तोही पत्ता न बघता आल्या वाटेनं उत्तर देतो. दोन मिनिटांचं काम. मी "नको" म्हणाले ते मला वाटलं त्यापेक्षा जोरात निघालं. सेक्रेटरी चमकले. मी म्हटलं, डब्यातला पत्ता बदला. त्याला त्याच्या साहेबांना फोन करावा लागला, साहेबांना आणखी कुणाला, पासवर्ड कुणाकडेच नव्हता. गुरुवारपर्यंत गेट आरडाओरड्यावर चाललं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी लिफ्टमध्ये मला ऐकवलं की शिकलेल्या माणसांनी सोप्या गोष्टी अवघड करू नयेत. मला उत्तर सुचलं नाही. चार दिवस सगळ्यांना त्रास देऊन मी नेमकं काय मिळवत होते, हे आजोबांना काय, मला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं.

गुरुवारी संध्याकाळी पत्ता बदलला. काकांनी खालून लावला, मी घड्याळासमोर. एकतीस, बत्तीस, तेहतीस. "ताई, तुटला नाही!" "नाही तुटला." "मग आता?" "मग काही नाही. बोला." काका गप्प. मीही गप्प. पंखा फिरत होता, खाली कुणाच्यातरी स्कूटरचा हॉर्न वाजला आणि तो मला खिडकीतून एकदा आणि फोनमधून एकदा असा दोनदा ऐकू आला. शेवटी काका म्हणाले, "ठेवू का?" "ठेवा."

आता महिना होऊन गेला. फोन नीट चालतो. पण काका अजून तसेच बोलतात, एका दमात, श्वास न घेता: "ताई-पार्सल-आलंय-पोरगा-ओटीपी-मागतोय-सोडू-का-वर-बोला-लवकर." मी दोनदा सांगितलं, काका, आता सावकाश बोललात तरी चालेल. ते "हो हो" म्हणतात. काल मुद्दाम घड्याळ बघितलं. अठ्ठाविसाव्या सेकंदाला "ठेवतो" म्हणाले आणि मी "हं" म्हणायच्या आत ठेवलाही.